सरांच्या नॉटिलसची आंघोळ

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचं एक जुनं कपाट आहे. त्यातले जीवाश्म पुन्हा तपासून त्यांची नावं नीट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी सगळ्यांना धुळीची अ‍ॅलर्जी होती. मला नव्हती. नंतर झाली.

कपाटात मानाची जागा सरांच्या नॉटिलसची. मला शिकवलेले हे सर आता निवृत्त होऊन अकोल्याला राहतात. दगड झालेला हा समुद्री शंख त्यांनी तरुणपणी नर्मदेकाठच्या खडकातून स्वतः फोडून आणला. नॉटिलसच्या शंखावर आतल्या कप्प्यांच्या शिवणी साध्या असतात. त्याच्या चुलतभावाच्या, म्हणजे अमोनाइटच्या, वेड्यावाकड्या नागमोडी. इथे वर गुळगुळीत लाल थर, वाकडं काहीच दिसेना, म्हणून नॉटिलस. तो थर लोहाचा आहे असा लेखही सरांनी छापून आणला होता. आयुष्यातला एकुलता एक.

मी थरावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. बोळा केशरी झाला. हुंगून पाहिलं, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राला मारुतीच्या देवळाचा वास येत होता. मग डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत पूजा व्हायची. हातोड्याला, मायक्रोस्कोपला कुंकवाचं बोट. नॉटिलसला मात्र सर स्वतःच्या हातानं तेल-शेंदूर चोपडायचे. लाडका होता ना! आणि वरून आम्हाला म्हणायचे, "थर कसा पक्का होऊन राहिला पाहा." मी कपाळावर हात मारला. खाली सगळ्या शिवणी नागमोडी. चक्क अमोनाइट निघाला.

आता हे सरांना सांगायचं कोणी? फोनवर धीर होईना. डब्यात कापूस घालून शंख घेतला, एसटीत मूर्तिजापूरपर्यंत वाक्यं जुळवली आणि अकोल्यात उतरताना सगळी विसरले.

सरांनी डबा उघडला. "काहून व, माह्या नॉटिलसले आंघोळ घातली काय?"

"सर, तो शेंदूर होता. तुम्हीच लावलेला."

"म्या लावला तर मले माहीत नसतं काय?"

मी भिंग पुढे केलं. ते शंख घेऊन खिडकीशी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आणलेला चहा थंड झाला तरी वळेनात. मला भयंकर वाईट वाटलं. या माणसानं मला खडक ओळखायला शिकवलं आणि मी त्याचाच नॉटिलस पळवायला निघाले होते. शेवटी शंख डब्यात ठेवून ते म्हणाले, "चहा घे."

निघताना काकूंनी रिवाजाप्रमाणे हळदीकुंकवाचा करंडा आणला. मला लावलं. मग, आलेल्या पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं म्हणून, कुंकवाचं बोट सवयीनं उघड्या डब्याकडे वळवलं.

सरांनी झटकन त्यांचा हात धरला.

"त्याले नको व. शिवणी झाकून जातीन त्याच्या."