जंतूंचं ताट

आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई बोलण्याआधी पलंगाच्या दांडीवर पेनाने टकटक करतात. आई तापाने फणफणली होती आणि देगलूरच्या मामाने तिच्यासाठी रक्तवाढीचं टॉनिक आणलं होतं. बाईंनी टकटक केली.

"मामा, जंतूला जगायला लोह लागतंय. मावशीचं अंग ते त्याच्यापासून लपवून राहिलंय, आन तुम्ही त्याला ताट वाढून राहिले?"

बाटली त्यांनी सरळ ॲप्रनच्या खिशात घातली. मामा रुसला. मलाही बाई उद्धटच वाटल्या.

अँटिबायोटिक चालूच होतं. शेवटी ताप उतरला आणि आईने भाकरी मागितली. त्या दिवशी बाई टकटक करायचंही विसरल्या. बाटली काढून पहिला चमचा त्यांनी स्वतः भरला.

"घ्या मावशी, मेले ते उपाशी! आता हे समदं तुमचं."