हेडच्या तारा

टेपच्या हेडच्या तारा मी आधी कापल्या आणि त्या कशासाठी असतात ते नंतर विचारलं. परवा पलूसला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि ती दुपार आठवली.

माझ्या वडलांनी, आबांनी, फौजेतून आणलेल्या थोरल्या टेपरेकॉर्डरवर मला माझा काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर वाजवायचा होता. कापलेल्या तारांना त्याची वायर सोल्डरिंग करून जोडली आणि असा दणका निघाला, की गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वळवली. मी कॉलर ताठ केली.

तेवढ्यात आई कॅसेट घेऊन आली. आबा सीमेवर असताना पत्राऐवजी आवाज भरून पाठवायचे, त्यातली ही एकच उरलेली.

"आता माजी लाव रं."

चाकं फिरत राहिली, पण कॅसेटवरचा आवाज उचलणाऱ्या हेडच्याच तारा मी कापलेल्या, आवाज काही येईना. तारा पुढं कराडच्या मेकॅनिकनं जुळवल्या. आता आबा नाहीत, तर तीच कॅसेट मीही ऐकतो. पण त्या दुपारी आईचा चेहरा पाहवत नव्हता.

आबा खाटेवरून म्हणाले, "मी हितंच हाय की. काय ऐकायचंय सांग, बोलतो."

"तुमचं रोजच ऐकते," आई म्हणाली. "कॅसेटीत तुमी लय गोड बोलत हुता. तवा ह्यो जल्मला नव्हता."