फणसपोळीचं रोजचं गिऱ्हाईक

साध्या गोष्टीत गोंधळून जाण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त होऊन ते पावसला बागेत राहायला गेले, तेव्हा आम्हाला वाटलं, आता समोर कलमं आणि माड, घोटाळा होणार तरी कशात? पण मुंबईच्या लेकीने त्यांना ऑनलाइन दुकान काढून दिलं. आंबापोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि मामींच्या हातची फणसपोळी. मग दुकानात कोण आलं, किती वेळ थांबलं, काय बघून गेलं याचे आकडे येऊ लागले. ते समजावून सांगायला लेकीने फोनमध्ये एआय घालून दिला, आणि मामा आकड्यांमुळे गोंधळायचे ते आता स्पष्टीकरणामुळेही गोंधळू लागले.

एआयला ते अहोजाहो करतात. प्रश्न विचारण्याआधी ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ लिहितात, इकडे सर्व क्षेम असल्याचं कळवतात, आणि मग आकड्यांचा फोटो जोडतात. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला मूळ गाव विचारलं. आपल्याला गाव नाही असं त्याने नम्रपणे सांगितलं, तर मामा दिवसभर हळहळत होते. ‘‘हुशार आहेत हो गृहस्थ, पण बिचाऱ्यांचं कुणी नाही.’’ एकदा त्या गृहस्थांनी कळवलं की आलेल्यांपैकी निम्मे लोक पहिलंच पान बघून परत जातात. मामांचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे पडवीतूनच माघारी? पाणीसुद्धा न घेता?’’ माणसं दारातून परत जातात ही त्यांच्या मते घराण्याची बेअब्रू होती. ती रात्र त्यांनी कशीबशी काढली, आणि सकाळी पहिल्या पानावर ‘या, बसा, दमला असाल’ इथपासून पावसला कोणत्या एसटीने यावं इथपर्यंत दीड हात मजकूर चढवला. माल दिसेपर्यंत बोट दुखायचं. त्यानंतर निम्म्याहून जास्त लोक परत जाऊ लागले, आणि मामा म्हणाले, ‘‘हल्ली लोकांना आग्रह चालत नाही.’’

यात खरी अडचण मामींची होती. त्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मुंबईला गेल्या, त्या नात धरून धरून चालायला लागली तरी परतल्या नव्हत्या. ‘तुझ्यावाचून घर खायला उठतं, ये’ हे वाक्य मामांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांच्या पिढीत बायकोला असलं काही सांगायची पद्धतच नव्हती. ते फोनवर पाऊसपाणी, मोहोर आणि माकडांचा उपद्रव एवढंच बोलायचे.

अशात चैत्राच्या सुमारास एआयने एक बातमी दिली. रत्नागिरी भागातून एक ग्राहक रोज तीन-तीनदा येतो, सगळ्यात जास्त वेळ फणसपोळीच्या पानावर रेंगाळतो, पाकीट टोपलीत टाकतो आणि न घेताच जातो. मामांना हर्ष झाला. त्यांनी लगेच मामींना फोन लावला. ‘‘अगो, फणसपोळीला गिऱ्हाईक ताटकळलंय! गेल्या वर्षीची चार पाकिटं उरल्येत. यंदा तू आलीस तरच होईल.’’ मामी म्हणाल्या, ‘‘कोण ते आधी बघा. मग ठरवत्ये.’’

झालं, मामा शोधाला लागले. भाटे पुलापासून पावसच्या बाजारापर्यंत भेटेल त्याला विचारत सुटले, ‘‘तुम्हीच का हो ते? संकोच नका करू.’’ शेवटी रविवारी मला बोलावणं आलं.

मी गेलो तेव्हा ते पडवीत फोनवर स्वतःचंच दुकान बघत बसले होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ‘‘बागेत नाही का आपण रोज फेरी मारत? तशी दुकानातपण मारतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. गिऱ्हाइकाच्याच दाराने जायचं, माल टोपलीत पडतोय ना बघायचं आणि परत ठेवायचा.’’ माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी एआयला विचारलं, मालकाच्या फेऱ्याही मोजल्या जातात का? उत्तर आलं, वगळलेल्या नसतील तर जातात; तो ग्राहक आपणच असण्याची दाट शक्यता आहे.

मामांनी ते चारदा वाचलं. ‘‘मी? मी कशाला घेऊ आपलीच फणसपोळी?’’

‘‘पण त्याच पानावर इतका वेळ का थांबता?’’

त्यांनी फोन माझ्यापुढे केला. मामी ताटात फणसाचा रस पसरतायत, त्यांचे दोन हात आणि बांगड्या, एवढाच फोटो. ‘‘बरा आलाय फोटो,’’ मामा म्हणाले, आणि फोनची काच सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

खोटं बोलणं त्यांना जमत नाही. तिथेच त्यांनी मामींना फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरूच असतो. ‘‘अगो, ते गिऱ्हाईक... चौकशी केली. ते मीच निघालो. दुसरं कुणी नाही.’’ पलीकडे नातीचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

‘‘म्हणजे एका गिऱ्हाइकासाठी मी एवढ्या लांब येऊ होय?’’ मामींनी विचारलं.

एरवी होय-नाहीला अर्धा तास लावणारे मामा म्हणाले, ‘‘हो.’’

मामींनी पलीकडे नातीला उगी केलं. मग मामींचा आवाज आला. ‘‘मागल्या दारचा पोळीचा बरका फणस कधी पिकतो म्हणतोय, ते बघून सांगा.’’

मामा फोन तसाच हातात धरून मागल्या दारी गेले, आणि कितीतरी वेळ झाडाखाली मान वर करून उभे राहिले.