लस नाही, पण रस्ता एक नंबर

मित्रहो, आज सकाळी दुकानाचं शटर उघडताना डाव्या पोटरीला कुत्रं चावलं. जखम साबणाने नीट धुतली आणि रिक्षाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो.

तिथवरचा काँक्रीटचा रस्ता नवाकोरा आहे. मी मोटार रिवाइंडिंगचं काम कॉलेजात न जाता, स्वतः करून बघत शिकलोय, त्यामुळे तपासल्याशिवाय कौतुक करत नाही. केंद्राच्या दारात उतरल्यावर लंगडत का होईना, पाहून घेतलं. उतार बरोबर, सांधे सरळ, काम चोख.

आत सिस्टर म्हणाल्या, "काका, रेबीजची लस संपलीय. सिव्हिलला जा. रस्ता मस्त झालाय, लगेच पोहोचाल."

बाकावर एक फुलवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांच्या बीपीच्या गोळ्याही संपलेल्या. त्या सरकारच्या नावाने बोटं मोडू लागल्या, तसा माझ्यासोबत आत आलेला रिक्षावाला म्हणाला, "मावशी, रस्ता नसता तर इथवर आल्या असत्या का?"

"इथवर येऊन काय भेटलं रे, भाऊ?"

मग आम्हा दोघांनाही त्यानेच सिव्हिलला नेलं.

तिथे लस मिळाली. डॉक्टर म्हणाले, "पुढचे डोस घराजवळच्या केंद्रात घ्या, तेवढाच हेलपाटा वाचेल."

तर मंडळी, पुढच्या डोसपर्यंत आमच्या केंद्रात काय येईल असं वाटतं? लस, की दारात उड्डाणपूल?