न्हाणीघराच्या कडीतला रॉकर

कवळीवाल्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सायकलसुद्धा ते कोपऱ्यावर उतरून वळवत. तरीही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन खोललं, आणि त्याला कारण होते सासरेच.

सासरे हयात असताना जावयाबद्दल त्यांचं एकच मत होतं. "माणूस सरळ आहे, पण यांच्याच्यानं बल्बसुद्धा बदलवणार नाही." हे ते पाहुण्यांसमोर, प्रेमानं आणि दरवेळी सांगत. कवळीवाले हसून ऐकून घेत. त्यांचा सगळा दिवस गावातल्या तीन दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवण्यात जाई. मेणात दात बसवायचे, साचा भरायचा, भट्टीत धातू वितळवून ओतायचा, केसाएवढी चूक झाली तरी घासून काढायची. सासऱ्यांच्या लेखी ही कामं हातांची नव्हेत, तोंडाची होती.

सासरे गेले आणि गाडी कवळीवाल्यांच्या अंगणात आली. बायकोनं विचारलं, "हिचं काय करायचं?"

"चालू करायची," ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दोन महिन्यांत इंजिन सुटं होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पलंगाखालपर्यंत पसरलं. पिस्टनच्या रिंगा एका भंगारवाल्याकडे मिळाल्या, गॅस्केट त्यांनी स्वतः कापली. अडलं एका तुकड्यावर. व्हॉल्व्ह दाबणारा, बोटाएवढा लोखंडी दांडा. रॉकर म्हणतात त्याला. उजवा जागेवर होता, पण त्याचा आकार उलटा; डावा गायब. सासऱ्यांनी तो कधी आणि का काढला, हे आता कोणाला विचारणार?

सुट्या भागांच्या गल्लीत त्यांनी अकरा दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार चष्मा पुसत म्हणाला, "काका, ही कंपनी बंद पडली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता माझ्या नातवाचं ठरतंय." मग दया येऊन त्यानं एक पत्ता दिला. शेजारच्या गावात एक आजी राहतात, त्यांच्या यजमानांकडे हीच गाडी होती, काही उरलं असेल तर तिथंच.

आजींनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि थेट न्हाणीघरापाशी नेलं. दाराच्या आतल्या बाजूला कडी होती. कडीचा दांडा म्हणजे हुबेहूब डावा रॉकर. कवळीवाल्यांचा हात आपसूक पुढे गेला.

"हात लावू नका," आजी म्हणाल्या. "बावीस वर्षं हे दार त्याच्यावर लागतंय."

"मी नवी पितळी कडी बसवून देतो."

"नव्या कड्या पाहिल्यात मी. मागं रंगाऱ्यानं ही काढली होती. परत बसेना. तीन महिने घरातला प्रत्येक जण गाणं म्हणत आंघोळ करायचा, आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. आमच्या मुलाला दोनच गाणी येतात."

कवळीवाले परत आले. रात्रभर कूस बदलून सकाळी ते बायकोला म्हणाले, "माणसाचं तोंड काढून न नेता मी दातांचं माप घेतोच ना."

दुसऱ्या दिवशी रबरासारखं घट्ट होणारं मापाचं मिश्रण, वाटी आणि कालथा घेऊन ते आजींकडे हजर झाले. माप नीट यायचं तर दार लावून, कडी अडकवून घ्यायला हवं होतं. म्हणून ते आत गेले, कडी लावली आणि दांड्याभोवती मिश्रण थापलं. तेवढ्यात आजींचा मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून आला. तो कुठल्याशा कचेरीत रोखपाल होता.

"आत कोण आहे?"

"कवळीवाले," आतून उत्तर आलं.

"आंघोळ करताहेत?"

"नाही रे," आजी म्हणाल्या, "कडीचं माप घेताहेत."

रोखपालानं घड्याळात पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"चार मिनिटं," कवळीवाले आतून म्हणाले. "दार हलवू नका, नाहीतर पुन्हा घ्यावं लागेल."

मिश्रण घट्ट झालं तेव्हा दारच उघडेना. दांडा त्यात रुतून बसला होता. जोर लावला तर माप फाटणार. कवळीवाले सुरीनं कडेकडेनं, हिरडी सोडवावी तसे ते सोडवत बसले. बाहेर रोखपालानं हजेरीची वेळ सांगितली, पुन्हा सांगितली, आणि अखेर अंगणातल्या नळावर आंघोळ उरकली. आजींनी मात्र दाराशी स्टूल आणून गप्पा सुरू केल्या. बोलता बोलता निघालं की त्यांची कवळी चार वर्षं सैल आहे, जेवताना ती काढून बाजूला ठेवतात. पाऊण तासानं कवळीवाले माप घेऊन सहीसलामत बाहेर आले, तेव्हा आजी तोंड उघडून तयारच बसल्या होत्या.

असे एका पिशवीतून दोन साचे घरी आले. पुढचे तीन आठवडे एका टेबलावर आजींचे दात आणि रॉकर शेजारी शेजारी मेणात आकार घेत होते. पहिला रॉकर ओतल्यावर आकसला. दुसऱ्याला तडा गेला. तिसरा बरा आला, पण बसेना, म्हणून तो दात घासायच्या चाकावर आठवडाभर घासला. एक डॉक्टर आपल्या रुग्णाची कवळी न्यायला आले, तर कवळीवाले म्हणाले, "थांबा जरा, याचा चावा जुळत नाहीये." डॉक्टर थांबले. ते रॉकरबद्दल बोलत होते, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी एका रविवारी दुपारी सुरू झाली. नवव्या किकला. कवळीवाले खाली पायरीवर बसून तिचा आवाज ऐकत राहिले. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं.

"आता चालवणार कोण?" बायकोनं विचारलं.

याचा विचारच त्यांनी केला नव्हता. तिनं पदर खोचला आणि गाडीवर बसली. कॉलेजात असताना बाबांनी तिला याच गाडीवर शिकवलं होतं. तीस वर्षांत तिनं हे सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

आजींची कवळी पोचवायला दोघं गाडीवरूनच गेली. आजींनी कवळी बसवून बघितली, दोनदा दात आपटले, मान डोलावली. मग अंगणात येऊन गाडी निरखली.

"छान आहे. आमचीही अशीच होती, ती यजमानांनी सगळीच्या सगळी विकली. एक खिळासुद्धा ठेवला नाही."

"मग ती कडी?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"ती? ती गिरणीच्या इंजिनाची. आमची पिठाची गिरणी होती ना."

बायको वळून भिंतीकडे बघू लागली. तिचे खांदे हलत होते. कवळीवाल्यांनी चालू गाडीकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या दिशेनं, मग पुन्हा गाडीकडे. "आठवडाभर घासला तो," ते एवढंच म्हणाले.

गाडी त्यांनी पुन्हा खोलली नाही. सपाटीवर ती झकास पळते. चढ आला की मात्र दम टाकते, तेव्हा कवळीवाले मागच्या सीटवरून उतरतात आणि बाजूनं चालू लागतात. बायको हळूहळू चालवते आणि दोघांचं अर्धवट राहिलेलं बोलणं चढ संपेपर्यंत पुरतं.