शालूतले हात

उतारवयात लिहू लागणे हे एक धाडस, आणि ज्या चित्रकलेतले मला काहीच येत नाही तिच्याविषयी लिहिणे हे दुसरे. दोन्हींबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेले वर्गात समजावून सांगितले. स्वतःचे म्हणून सांगण्याजोगे माझ्यापाशी एवढेच आहे, आणि तेही खरे पाहता आईचे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. वडील अंधेरीच्या एका स्टुडिओत चित्रीकरणासाठी लागणारे मागचे पडदे रंगवीत: महाल, बागा, कारंजी. रविवारी ते घरी तैलचित्रे करीत. ती बहुधा कोणाच्या तरी गेलेल्या माणसाची असत आणि लहानशा फोटोवरून मोठी करायची असत. त्या दिवशी जवसाच्या तेलाचा आणि स्टोव्हच्या रॉकेलचा वास घरात एकमेकांत मिसळून जाई.

युरोपातल्या जुन्या तैलचित्रांचे एक जाडजूड पुस्तक त्यांनी फूटपाथवरून आणले होते. त्याला पुठ्ठा नव्हता. एका चित्रात फरची कॉलर लावलेला व्यापारी, चांदीच्या ताटात अर्धे सोललेले लिंबू, आणि कडेला पेला घेऊन उभी असलेली मोलकरीण होती. वडील म्हणत, हे लिंबू खाण्यासाठी ठेवलेले नाही. असे लिंबू आपल्याला परवडते, हे सांगण्यासाठी ठेवलेले आहे. तेलरंग शोधणाऱ्यांनी तो जणू श्रीमंतांसाठीच शोधला. रेशीम रेशमासारखे, सोने सोन्यासारखे दिसले पाहिजे, पाहणाऱ्याला हात लावावासा वाटला पाहिजे आणि लावता येऊ नये. मग त्यांनी मोलकरणीवर बोट ठेवले. “हिच्या तोंडाला चित्रकाराने एक दुपार दिली असेल. हिच्या हातातल्या पेल्याला आठवडा दिलाय.”

घाटकोपरला लाकडाच्या वखारी असलेले एक शेठ होते. त्यांची पत्नी वारली, तेव्हा त्यांनी तिचे मोठे, बसलेले चित्र सांगितले. फोटो मात्र फक्त चेहऱ्याचा होता. अशा वेळी अंगासाठी कोणाला तरी बसवावे लागते. शेठांनी पत्नीचा शालू आणि दागिने पाठवायचे कबूल केले, आणि वडिलांनी आईला बसवले.

दागिन्यांबरोबर शेठांची सून येई आणि डबा मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीवर बसून राही. आईने दिलेला चहा ती घेत नसे. मागे नवा रंगीत टीव्ही दाखवता येईल का, असे तिने एकदा विचारले. सासूबाईंनी तो पाहिलाही नव्हता, पण घरात आहे तर दिसायला हवा, असे तिचे म्हणणे होते. वडिलांनी टीव्हीऐवजी चांदीच्या भांड्यांचे कपाट घालायचे ठरवून तिची समजूत काढली.

पाटल्या आईच्या हातांत जाईनात. साबण लावून चढवाव्या लागल्या. शालू नेसून ती बसली की म्हणे, “अहो, आत्ता मी मालकीण आहे. भाताकडे तुम्ही बघा.” वडील हसत आणि म्हणत, “हलू नकोस गं, सोनं हलतंय.” सून हसत नसे.

वडिलांनी चेहरा शेवटी ठेवला आणि हात आधी घेतले. चार रविवार ते फक्त हातच करीत होते. विळीने चिरलेले नख, मनगटावरचा स्टोव्हचा डाग, साबणाने फुटलेली बोटांची पेरे, सगळे त्यांनी जसेच्या तसे उतरवले. आमच्याकडे आईचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात मान खाली आणि हात शेल्याखाली. वडिलांनी हे मुद्दाम केले का, ते मी कधी विचारले नाही. हात पूर्ण झाले तेव्हा आई बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली.

“असे दिसतात होय माझे हात?” ती म्हणाली. मग म्हणाली, “राहू देत तिथे. बंगल्यात राहतील.”

चित्र पाहायला शेठ स्वतः आले. चेहरा पाहून त्यांचे डोळे भरले. शालूची जर, कंठ्यातले मोती, कपाटातली चांदी त्यांनी जवळ जाऊन पाहिली आणि मान डोलावली. मग ते थांबले.

“पेंटरसाहेब, चेहरा तिचाच आहे. पण हे हात काम करणाऱ्या बाईचे आहेत. आमच्या घरात असे हात नाहीत.”

 उत्तर दिले ते आईने. स्टोव्हजवळूनच, मागे न वळता तिने माझ्याकडे बोट दाखवले. “हिचे घ्या की. हिचे चांगले आहेत.”

माझे हात चांगले होते, कारण तिने मला कधी भांड्याला हात लावू दिला नव्हता. मी कॉलेजात होते. “तू वाच,” एवढेच ती म्हणे. पुढच्या रविवारी मी शालू मांडीवर पसरून बसले. पाटल्या साबणाशिवाय गेल्या, सैलही झाल्या. सून पहिल्यांदाच चहा प्यायली. वडिलांनी आईच्या वाळलेल्या हातांवर माझे हात रंगवले. काम चालू असताना ते हळूच मला म्हणाले की, खालचा थर कुठे जात नाही. तेलरंग वर्षे गेली की पारदर्शक होत जातो आणि झाकलेले पुन्हा दिसू लागते. तेव्हा मला त्याचा आधार वाटला.

दशक संपायच्या आत आई गेली. तेरावे झाल्यावर मी घाटकोपरला त्या बंगल्यावर गेले. वडिलांनी चित्राचे व्हार्निश पाहून यायला सांगितले आहे, असे खोटेच बोलले. शेठ तोवर राहिले नव्हते. त्यांच्या मुलाने मला आदराने दिवाणखान्यात नेले आणि दिवा लावला.

खालून काहीही वर आले नव्हते. पाटल्यांत माझेच अठरा वर्षांचे हात होते, गुळगुळीत, कोणाच्याही उपयोगाचे नसलेले. वडिलांना नंतर विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्याला शंभर वर्षेही लागतात. शंभर वर्षांनी ते हात ओळखणारे कोण असणार?

मुलगा माझ्या शेजारी उभा राहून चित्र पाहत होता. “आईचे हात बघा,” तो म्हणाला. “आयुष्यात तिला कधी काम करावं लागलं नाही. हातांवरूनच घराणं कळतं.” तो हे मनापासून बोलत होता, त्याच्या आईची त्याला आठवण येत होती.

तोवर माझेही लग्न होऊन काही वर्षे झाली होती. मी हात पदराखाली घेतले, व्हार्निश ठीक आहे म्हणाले, आणि निघाले. पुढे तो बंगला पाडला. चित्राचे काय झाले, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी, त्या मुलासमोर, ते हात कोणाचे आणि त्यांच्याखाली कोणाचे, हे मी सांगायला हवे होते का?