पाणी आत घेणारी होडी

आगबोट दुबईबाहेर खोल पाण्यात नांगरली तेव्हा कठड्यापाशी सगळ्यांत पुढे मी उभी होते. समोर पिवळी सपाट वाळू, मातीच्या रंगाची घरे आणि त्यांच्यावर वारा खाली ओढून घेणारे चौकोनी मनोरे. अठरा वर्षे रत्नागिरीच्या शाळेत मी हा किनारा फळ्यावर खडूने काढत आले होते, पण प्रत्यक्ष पाहायला वयाची बेचाळीस वर्षे जावी लागली. आनंदाने मला काही सुचेना.

"एकटी बाई आखातात कशाला निघाली?" असे अर्ध्या गावाने विचारून झाले होते. मला एकटीने हिंडायला आवडते, हे खरे उत्तर. ते मात्र मी कुणाला दिले नव्हते, कारण सांगण्यासारखे एक चांगले कारण आयतेच हाती आले होते. आमच्या शेजारच्या खतिजाबींचा धाकटा मुलगा दाऊद, माझाच एके काळचा विद्यार्थी, थोरल्या भावाचे दुबईतले कापडाचे दुकान सोडून फुजैऱ्याला जाऊन बसला होता आणि चक्क मासे मारत होता. खतिजाबींनी माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमचा शब्द तो मोडायचा नाही. कानाला धरून परत दुकानात बसवा त्याला." मी हो म्हटले. दिवाळीच्या सुट्टीला साठवलेली रजा जोडली आणि निघाले.

थोरला इब्राहिमभाई लाँच घेऊन उतरवून न्यायला आला. माणूस भला, पण दाऊदचे नाव काढले की कपाळाला आठी. आमच्या घराण्यात मासे विकत आणले, मारले कुणी नाहीत, असे तो मला वाटेतच ऐकवून मोकळा झाला. महिन्याभरात दाऊद आला नाही तर दुकानातली त्याची गादी मेहुण्याला द्यायची, हेही ठरलेले. त्याच्या बायकोने, सकिनाने, सांदणे करून घातली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मला नायलॉनच्या साड्या नि ट्रान्झिस्टर दाखवायला नेले. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे त्यासाठीच येतो. मला साड्यांत काडीचा रस नाही. मी निसटले आणि अब्रात (खाडी ओलांडायच्या होडीत) जाऊन बसले. पलीकडे गेले, अलीकडे आले, परत पलीकडे गेले. तीन फेऱ्या झाल्यावर नावाडी माझ्याकडे संशयाने बघू लागला. इकडे बाई हरवल्या म्हणून इब्राहिमभाईच्या तोंडचे पाणी पळाले होते. बोलणी खाल्ली, पण फेऱ्या वसूल झाल्या.

फुजैऱ्याला रस्ता असा नाहीच. एका पठाण ड्रायव्हरच्या लँडरोव्हरमध्ये आधी वाळू, मग वादी (डोंगरातले कोरडे नदीपात्र). दगडगोट्यांवरून ती गाडी अशी उडत होती की माझे डोके छताला किती वेळा लागले याचा हिशेब मी सोडून दिला. दोनदा चाक रुतले, दोनदा आम्ही सगळे उतरून ढकलले. दुसऱ्यांदा उडालेली वाळू थेट माझ्या अंबाड्यात. "यल्ला, यल्ला" (चला, चला) म्हणत मीच सगळ्यांत जोरात ढकलत होते. आणि मग डोंगर एकदम संपले, खाली खजुरीच्या हिरव्यागार बागा, आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. आपल्या बाजूचा समुद्र! मी गाडीतच टाळ्या वाजवल्या.

दाऊद वाळूत बसला होता, दातांत दोरी धरून. उन्हाने इतका रापलेला की मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी विचारले. मला बघून दोरी सुटली. मग म्हणाला, "आईनं पाठवलंय ना? उद्या बोलू, बाई. आधी समुद्र बघा."

तो रशीद नावाच्या कोळ्याच्या कुटुंबाजवळ बरस्तीत (खजुरीच्या झापांच्या झोपडीत) राहत होता. रशीदच्या आईने मला बायकांत बसवून भात, तळलेला मासा आणि वाळवलेल्या काळ्या लिंबाचे कालवण वाढले. वर वेलदोड्याची कडू कॉफी. पेला रिकामा झाला की ती पुन्हा भरायची, आणि मी भिडेखातर पीत राहायची. सातव्या पेल्याला तिच्या सुनेने माझे मनगट धरून पेला हलवून दाखवला. पुरे म्हणायची रीत ती, आणि मला ठाऊकच नाही! सगळ्या बायका ओढणीआड हसल्या.

सकाळी दाऊदने मला आपल्या शाशात घेतले. शाशा म्हणजे खजुरीच्या झावळ्यांच्या दांड्यांची होडी. फळी नाही, खिळा नाही. दांडे पाण्यात मुरवून मऊ करायचे आणि दोरीने एकमेकांना आवळायचे. ही त्याने स्वतः बांधली होती, रशीदच्या हाताखाली शिकून. किनारा सुटला, आणि माझ्या पावलांना गार लागले. बघते तर पाणी. बघता बघता घोट्यापर्यंत आले. मी रत्नागिरीची, होडीत पाणी दिसले की हात आपोआप चालतात. डब्यातल्या भाकऱ्या ओच्यात टाकल्या आणि डब्याने पाणी उपसायला लागले. घामाघूम झाले, पाणी तेवढेच. शेजारच्या होडीतला रशीद वल्हे मारायचे विसरून बघत राहिला, नि दाऊदची तर हसून मुरकुंडी वळली.

"किती उपसाल, बाई? आख्खा समुद्र आहे तो. हिच्यात पाणी येतंच. पोटात झावळ्यांचे बुडखे कोंबलेत, ते हिला बुडू देत नाहीत."

लाज वाटली, पण मीही हसले. मग घसा खाकरून, वाटेत घोकलेले भाषण काढायला तोंड उघडले. त्याआधी तोच बोलला. "इब्राहिमभाई वाईट नाही. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की हसायचं, दिवसभर. संध्याकाळी माझे गाल दुखायचे, बाई. इथं आल्यापासून दुखले नाहीत." आणि जरा थांबून, "तुम्ही लग्न का नाही केलंत?"

रत्नागिरीत हा प्रश्न मला आडून आडून सगळेच विचारतात. उत्तर तयार असते, धाकट्या भावांची शिक्षणे. भाऊ कधीच हाताशी आले, तरी उत्तर तेच. तेच द्यायला गेले आणि भलतेच बाहेर पडले. "मला एकटीनं राहायला आवडतं. पहिल्यापासून."

त्याने नुसती मान हलवली आणि गळाची दोरी माझ्या हातात दिली. तेवढ्यात तिला असा हिसका बसला की मी किंचाळले. दोघांनी मिळून ओढली ती हातभर लांबीची सुरमई होती. त्या सकाळी मी जेवढी खूश होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते. भाषण राहिले ते राहिलेच.

परतीच्या आगबोटीवर मात्र मन खात होते. शब्द देऊन मी मोडला होता. इब्राहिमभाईने बोटीवर माझी पेटी ठेवली आणि तसाच लाँचकडे वळला.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी खतिजाबींना सांगून टाकले, दाऊद येणार नाही, आणि मी त्याला चल म्हटलेसुद्धा नाही. तो तिथे सुखात आहे. त्या उठल्या, घरात गेल्या आणि दार लावून घेतले. नऊ दिवस बोलणे बंद. अठरा वर्षांचा शेजार! मी एकदा रडलेही. त्यातच आळीतल्या एक वहिनी माझ्यासाठी एका बिजवराचे स्थळ घेऊन आल्या. मी सरळ सांगितले, नको, मला एकटीला आवडते. मग मी चहा टाकला, तो त्यांनी प्यायला, आणि आकाश काही कोसळले नाही.

दहाव्या दिवशी खतिजाबी आल्या. उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

"समुद्रात कधी जातो तो?"

"पहाटे. फजरची नमाज झाली की लगेच."

"आपल्याकडच्या फजरलाच?"

"नाही. तिथं उजाडायला आपल्यापेक्षा तासभर उशीर."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "मग तो निघेपर्यंत मी तासभर जास्त बसेन नमाजाच्या मुसल्ल्यावर."